कोणत्या मुलाखतीत काय तपासतात, आणि त्याची तयारी कशी करायची

"स्वतःबद्दल थोडं सांगा." चाकणच्या कारखान्यातला प्रॉडक्शन मॅनेजर हे विचारतो तेव्हा त्याला ऐकायचं असतं की तुम्ही कोणत्या मशीनवर, किती महिने, कोणत्या शिफ्टला काम केलंय. हिंजवडीतल्या कंपनीची एचआर हेच विचारते तेव्हा ती पाहत असते की तुम्ही दीड मिनिटात मुद्द्याचं बोलता का, आणि इथे यायचं काही कारण तुमच्याकडे आहे का. बँकेच्या पॅनेलला तुमच्या पदवीचा आणि बँकेच्या कामाचा सांधा हवा असतो. आपली मुलं मात्र तिन्ही ठिकाणी एकच पाठ केलेलं उत्तर घेऊन जातात: नाव, गाव, वडील काय करतात, घरात किती माणसं, छंद कोणते. हे सगळं बायोडेटावर आधीच लिहिलेलं असतं. समोरच्याचं सगळ्यात जास्त लक्ष असतं तो पहिला मिनिट यात जातो.

म्हणून तयारीला बसताना पहिला प्रश्न हाच घ्यावा, की या मुलाखतीत समोरचा माणूस नेमकं काय तपासणार आहे. ते कळलं की काय वाचायचं, काय बोलून पाहायचं आणि काय सोडून द्यायचं हे बऱ्यापैकी ठरतं.

आधी विचारून घ्या

मुलाखतीचा निरोप फोनवर आला की "हो सर, येतो" म्हणून फोन ठेवू नका. नम्रपणे विचारा: एकूण किती फेऱ्या आहेत? समोर कोण असेल, एचआर की ज्या विभागात काम करायचं तिथले साहेब? लेखी परीक्षा किंवा प्रात्यक्षिक आहे का? साधारण किती वेळ लागेल? मूळ कागदपत्रं आणायची का? हे विचारल्याने कुणी रागावत नाही. त्यांनाही तयारीने आलेला उमेदवार हवाच असतो. फोनवर जमलं नाही तर चार ओळींचा ईमेल पाठवा.

मग जाहिरात समोर घ्या आणि वहीच्या पानावर मधोमध उभी रेघ मारा. डावीकडे त्यांनी मागितलेल्या पाच-सहा गोष्टी लिहा आणि उजवीकडे प्रत्येकीसमोर तुमच्याकडचा पुरावा. "एक्सेल चांगलं येतं" हा पुरावा नव्हे. "दुकानाचा महिन्याचा स्टॉक पिव्होट टेबल लावून काढत होते, त्यामुळे दोन दिवसांचं काम अर्ध्या दिवसावर आलं" हा पुरावा. उजवीकडे जी जागा रिकामी राहील तिथेच प्रश्न अडकवणार हे धरून चाला. त्या जागेसाठी खरं उत्तर तयार ठेवा: "हे सॉफ्टवेअर मी वापरलेलं नाही. याच प्रकारचं दुसरं वापरलंय, आणि याचं प्राथमिक शिक्षण गेल्या आठवड्यात सुरू केलंय." शेवटचं वाक्य खरं असावं लागतं, कारण पुढचा प्रश्न "काय शिकलात?" हाच येतो.

फोनवरची चाळणी

खासगी कंपनीत पहिली फेरी बहुतेक वेळा १०-१५ मिनिटांच्या फोनचीच असते. फोन करणाऱ्याला तुमच्या विषयातलं फार कळत नसेल, पण त्याच्यासमोर एक तक्ता असतो आणि त्यात भरायला त्याला काही गोष्टी हव्या असतात: सध्याचा पगार, अपेक्षा, नोटीस पीरियड (नोकरी सोडण्याआधी द्यावी लागणारी मुदत), शिफ्ट चालेल का, राहण्याचं ठिकाण. इथे गाडी अडते ती "बघू", "सांगतो", "तुम्ही द्याल ते" अशा उत्तरांवर. तक्त्यातली चौकट रिकामी राहिली की तुमचं नाव मागे पडतं. या पाच गोष्टी फोनजवळ कागदावर लिहून ठेवा. बसमध्ये असताना फोन आला तर "मी प्रवासात आहे, साडेपाचला करू का?" असं सांगून वेळ मागून घेतलेली बरी. गोंगाटात दिलेली अर्धवट उत्तरं तशीच नोंदली जातात.

"एखादा प्रसंग सांगा"

मोठ्या कंपन्या, बँका, रुग्णालयांचं प्रशासन, हॉटेलं, विमा अशा सगळीकडे आता या प्रकारचे प्रश्न असतात. "टीममध्ये मतभेद झाला असा प्रसंग सांगा." "चूक झाली आणि ती तुम्ही सुधारली असं कधी घडलं?" या प्रश्नांमागची समजूत सरळ आहे: माणूस आधी जसा वागला तसाच पुढे वागण्याची शक्यता जास्त. म्हणून "मी असं करेन" या उत्तराला इथे गुण नाहीत. "मी असं केलं" हवं.

उत्तराचे चार भाग असतात: प्रसंग काय होता, त्यात तुमची जबाबदारी काय, तुम्ही काय केलंत, आणि शेवटी काय झालं. सगळं मिळून दोन मिनिटं. यातली सव्वा मिनिट तरी तिसऱ्या भागाला द्या. बहुतेकांचं नेमकं उलटं होतं. प्रसंग सांगण्यात दीड मिनिट जातं आणि कृती "मग आम्ही सगळ्यांनी मिळून ते सोडवलं" एवढ्यावर आटोपते.

हा "आम्ही" आपल्याकडे खास नडतो. स्वतःची फुशारकी मारू नये हे संस्कार चांगलेच आहेत, पण मुलाखत घेणाऱ्याला तुमच्या चार मित्रांना नोकरी द्यायची नाहीये. त्याला तुमचा वाटा वेगळा काढून दिसायला हवा. श्रेय वाटून द्यायचं असेल तर नेमकं वाटा: "स्टेजचं काम रोहनकडे होतं, हिशोब माझ्याकडे."

बी.कॉम. झालेली, नोकरीचा अनुभव नसलेली मुलगी कसं उत्तर देऊ शकते ते पाहा. प्रश्न चुकीबद्दलचा आहे.

"कॉलेजच्या गॅदरिंगची वर्गणी आणि खर्च यांचा हिशोब माझ्याकडे होता. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी वहीतली जमा आणि हातातली रोकड यांत ३,४०० रुपयांचा फरक आला, रोकड कमी. मी आधी खर्चाची सगळी व्हाउचर तारखेप्रमाणे लावली, तिथे काही सापडलं नाही. मग पावतीपुस्तकांची स्थळप्रत घेऊन वहीतल्या नोंदींशी एकेक नंबर जुळवला. चार पावत्या दोनदा लिहिल्या गेल्या होत्या, कारण एकाच पुस्तकातून दोघं जण पावत्या फाडत होते आणि दोघंही मला स्वतंत्र यादी देत होते. पुस्तक दोघांना द्यायला मीच परवानगी दिली होती, म्हणजे चूक माझीच. त्या रात्री मी सरांना तसं सांगितलं आणि दुरुस्त हिशोब दिला. पुढच्या कार्यक्रमाला एका माणसाला एकच पुस्तक दिलं आणि रोज संध्याकाळी रोकड जुळवली. त्या वेळी फरक आला नाही."

यात मोठं असं काही घडलेलं नाही. पण शोधण्याचा क्रम आहे, आकडा आहे, चूक स्वतःची म्हणून मान्य केली आहे, आणि ती पुन्हा होऊ नये म्हणून काय बदललं तेही आहे. लेखा विभागाच्या साहेबाला याहून जास्त काय हवं? उलट "मी जरा जास्तच परफेक्शनिस्ट आहे, हीच माझी चूक" या उत्तराने त्याच्या हाती काहीच लागत नाही.

असे सहा-सात प्रसंग आधी काढून ठेवा: एक भांडणाचा, एक चुकीचा, एक वेळ कमी असतानाचा, एक कुणाला तरी पटवून दिल्याचा, एक नवीन काही पटकन शिकल्याचा, एक अपयशाचा. सहा प्रसंगांवर वीस-पंचवीस प्रश्न निघतात, फक्त कोणता भाग पुढे आणायचा ते बदलतं. प्रसंग शेतातला, दुकानातला, एनएसएसच्या शिबिरातला कुठलाही चालेल. मात्र तो घडलेलाच असला पाहिजे. रचलेला प्रसंग तिसऱ्या उपप्रश्नाला कोसळतो: "मग तो मित्र काय म्हणाला? तुम्हाला किती दिवस लागले? सरांनी काही विचारलं नाही?" खऱ्या प्रसंगात ही उत्तरं आठवावी लागतात, रचलेल्यात ती तिथल्या तिथे तयार करावी लागतात, आणि ते चेहऱ्यावर दिसतं.

हातातलं काम तपासणारी मुलाखत

आयटीआय आणि डिप्लोमाच्या मुलांना चाकण, रांजणगाव, वाळूज, सातपूर, बुटीबोरी अशा ठिकाणी ज्या मुलाखती द्याव्या लागतात त्यांच्यावर फार कमी लिहिलं जातं. तिथे साहेब बऱ्याचदा टेबलावर एक व्हर्नियर, एक मायक्रोमीटर (दोन्ही बारीक मापं घेण्याची साधनं), एक तयार पीस आणि ड्रॉइंगचा कागद ठेवतो, आणि पहिल्या पाच मिनिटांतच निर्णय होऊन जातो.

व्हर्नियर हातात दिलं की लगेच माप घ्यायला जाऊ नका. आधी जबडे पुसा, मिटवा आणि शून्यावर शून्य येतंय का पाहा. एवढं करणारा मुलगा मशीनवर खरं काम केलेला आहे हे बघणाऱ्याला कळतं. लीस्ट काउंट, म्हणजे साधनाने मोजता येणारं सगळ्यात लहान माप, नुसतं "०.०२" म्हणून सांगू नका, ते कुठून येतं तेही सांगता आलं पाहिजे: मुख्य पट्टीवरचे ४९ मिलिमीटर व्हर्नियरच्या पट्टीवर ५० भागांत वाटलेले असतात, म्हणून एकेक भाग ०.०२ ने कमी. मायक्रोमीटरमध्ये स्क्रूचा पिच ०.५ मिलिमीटर आणि थिंबलवर (फिरणाऱ्या नळीवर) ५० भाग, म्हणून ०.०१. आणि मायक्रोमीटरचं माप घेताना थिंबल आवळू नका, मागचं रॅचेट (ठरावीक दाबाला सटकणारी टोकाची मूठ) फिरवा. आवळून घेतलेलं माप खऱ्यापेक्षा कमी येतं.

मग खरा प्रश्न येतो. ड्रॉइंगवर व्यास २५ अधिक-उणे ०.०५ लिहिलाय. तुमच्या मशीनवरून आलेला शाफ्ट २५.०८ भरतोय. काय कराल?

"ऑफसेट देऊन पुढचा पीस बरोबर काढेन" हे उत्तर (ऑफसेट म्हणजे मशीनच्या सेटिंगमध्ये केलेली मापाची दुरुस्ती) अर्धं आहे, आणि त्या अर्ध्या उत्तरावर मुलं नापास होतात. क्रम असा हवा: मशीन थांबवतो. पीस आणि मापनाचं साधन पुसून पुन्हा माप घेतो, कारण चिपचा कणही एवढा फरक दाखवू शकतो. तरी २५.०८ च आलं तर मर्यादा २४.९५ ते २५.०५ आहे, म्हणजे पीस बाहेर गेला. तो लाल ट्रेमध्ये वेगळा ठेवतो, चांगल्या पीसमध्ये मिसळू देत नाही. शेवटचा तपासलेला चांगला पीस कोणता ते पाहून त्यानंतरचे सगळे पीस मोजतो. सुपरवायझरला सांगतो. टूलची धार गेली आहे की इन्सर्ट (टूलला बसवलेलं कापणारं पातं) सैल झालाय ते बघतो, मगच ऑफसेट, आणि नंतरचा पहिला पीस क्वालिटीकडून पास करून घेतो.

इथे साहेब एक उपप्रश्न हमखास टाकतो: "हा पीस फेकायचा का?" शाफ्ट जाड आलाय, धातू अजून शिल्लक आहे, म्हणजे परवानगी घेऊन पुन्हा एक कट मारता येईल. हाच फरक भोकाच्या व्यासात आला असता तर धातू निघून गेलेला असता आणि पीस स्क्रॅप. हा भेद समजावून सांगता आला तर इंग्रजी येतं की नाही याकडे शॉप फ्लोअरवर फारसं कुणी पाहत नाही. "मराठीतून सांगितलं तर चालेल का?" असं सरळ विचारावं. तुटक्या इंग्रजीत अडखळण्यापेक्षा ते कितीतरी बरं.

सॉफ्टवेअरच्या तांत्रिक फेरीतही हेच तत्त्व वेगळ्या रूपात असतं. तिथे गणित सुटलं की नाही याइतकंच तुम्ही विचार कसा करता हेही बघतात. समजा विचारलं, "आकड्यांच्या यादीत एखादा आकडा दोनदा आलाय का ते शोधा." लगेच कोड लिहायला घेऊ नका. विचारा: यादी किती मोठी? क्रमाने लावलेली आहे का? रिकामी असू शकते का? मग आधी साधी पद्धत सांगा: प्रत्येक आकडा बाकी सगळ्यांशी ताडून पाहायचा. १०,००० आकडे असतील तर जवळजवळ ५ कोटी तुलना होतील. मग सुधारणा सांगा: पाहिलेला प्रत्येक आकडा सेटमध्ये (आकडा आधी आलाय का ते लगेच सांगणाऱ्या साठ्यात) टाकत जायचं आणि पुढचा आधीच सेटमध्ये आहे का ते बघायचं. म्हणजे फार तर १०,००० वेळा पाहणं, बदल्यात मेमरी थोडी जास्त. लिहून झालं की चार-पाच आकड्यांचं उदाहरण घेऊन कोड बोटाने चालवून दाखवा. अडलात तर गप्प बसू नका. शांतता दोन मिनिटं टिकली तर समोरच्याला मदत करायलाही जागा राहत नाही. "इथपर्यंत आलोय, इथे अडलोय" असं म्हटलं की बरेच जण एक इशारा देतात, आणि तो पकडता येणं हीसुद्धा तपासणीच असते.

रेझ्युमेवरचा प्रत्येक शब्द म्हणजे प्रश्नाला दिलेलं आमंत्रण. जी भाषा फक्त एका सबमिशनपुरती वापरली ती काढून टाका. शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टमध्ये स्वतः काय लिहिलं, ते तसंच का लिहिलं आणि आज पुन्हा करायचं झालं तर काय बदलाल, ही तीन उत्तरं तयार नसतील तर तो प्रोजेक्ट तुमच्याच अंगावर येतो.

सरकारी मुलाखत

पहिली गोष्ट, ती सगळीकडे नसते. १ जानेवारी २०१६ पासून केंद्र सरकारने गट क, गट ड आणि गट ब अराजपत्रित पदांच्या मुलाखती बंद केल्या. आयबीपीएस या संस्थेमार्फत होणाऱ्या सरकारी बँकांच्या क्लार्क भरतीतही मुलाखत नाही. तेव्हा "मुलाखतीत सेटिंग करून देतो" म्हणून या पदांसाठी कुणी पैसे मागत असेल, तर जी फेरीच अस्तित्वात नाही तिचे तो पैसे मागतोय.

आयबीपीएसच्या पीओ (प्रोबेशनरी ऑफिसर) पदाला मुलाखत असते, १०० गुणांची. त्यात किमान ४० टक्के, एससी, एसटी, ओबीसी आणि दिव्यांगांना ३५ टक्के गुण लागतात. अंतिम यादीत मुख्य परीक्षा आणि मुलाखत यांचं वजन ८०:२० असतं. पॅनेलला अर्थशास्त्रावरचं व्याख्यान नको असतं. इंजिनिअर असाल तर "बँकेत का?" हा प्रश्न येणारच, आणि "नोकरी सुरक्षित आहे" एवढ्यावर तो संपत नाही. रेपो दर (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने कर्ज देते तो), एनपीए (थकलेली कर्जं), केवायसी (ग्राहकाची ओळख-पडताळणी), प्राधान्य क्षेत्राला (शेती, लघुउद्योग अशांना) कर्ज हे शब्द तुमच्या तालुक्यातल्या उदाहरणाने सांगता आले पाहिजेत. द्राक्षबागायतदाराला पीककर्ज देताना बँक काय पाहते, हे नाशिकच्या मुलाने सांगितलं तर पॅनेल ऐकतं.

यूपीएससीच्या नागरी सेवा परीक्षेत लेखी १,७५० आणि व्यक्तिमत्त्व चाचणी २७५, असे एकूण २,०२५ गुण असतात. २०२५ पासून राज्यसेवेची मुख्य परीक्षाही वर्णनात्मक झाली आणि तिथेही मुलाखत २७५ गुणांची आहे. मंडळासमोर तुम्ही भरलेला सविस्तर अर्ज असतो आणि प्रश्न त्यातूनच फुटतात: जिल्हा, पदवीचा विषय, आधीची नोकरी, छंद, नावाचा अर्थसुद्धा. प्रत्येक नोंदीखाली दहा-दहा प्रश्न लिहून काढणं ही याची खरी तयारी. छंदात "वाचन" लिहिलं तर गेल्या सहा महिन्यांत काय वाचलं ते सांगावं लागेल. "ट्रेकिंग" लिहिलं तर किल्ल्यावरचं पाण्याचं टाकं कोणत्या बाजूला आहे हेही विचारतील.

मत विचारलं की टोकाला जाऊ नये, पण दोन्हीकडून गुळमुळीत बोलणंही चालत नाही. दोन्ही बाजू एकेका वाक्यात, मग तुमचं मत आणि त्याचं कारण. येत नसेल तर "माफ करा, मला माहीत नाही" एवढंच. अंदाज करायचा असेल तर आधी परवानगी घ्या. यूपीएससीची मुलाखत मराठीतून देता येते, त्या वेळी दुभाषा असतो. मग वाक्यं छोटी ठेवा आणि एक मुद्दा संपला की थांबा. पाच ओळींचं एक वाक्य बोललात तर मंडळापर्यंत त्याचा सारांशच पोचेल, आणि तो तुमच्या शब्दांत नसेल.

कागदपत्रांमुळे हुकलेल्या संधी फार वेदना देतात, कारण त्या टाळता येतात. केंद्राच्या भरतीला ओबीसी प्रमाणपत्र केंद्राच्या नमुन्यातलं लागतं, राज्याचं चालत नाही. नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्राची मुदत जाहिरातीतल्या तारखेशी जुळवून पाहा. आधार, दहावीची गुणपत्रिका आणि पदवी यांवर नावाचं स्पेलिंग वेगळं असेल, किंवा लग्नानंतर नाव बदललं असेल, तर राजपत्र किंवा प्रतिज्ञापत्र आधीच करून ठेवा. हे काम मुलाखतीच्या आठवड्यात होत नाही.

पाच दिवसांची मुलाखत

सैन्यातल्या अधिकारी निवडीची एसएसबी (सर्व्हिसेस सिलेक्शन बोर्डाची मुलाखत) यात सगळ्यात वेगळी. एनडीएच्या (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या) परीक्षेत लेखी ९०० गुण आणि एसएसबी ९००, म्हणजे निम्मा डाव इथे. पहिल्या दिवशी बुद्धिमापन आणि चित्र पाहून गोष्ट लिहिण्याची चाळणी, आणि तिथूनच बरेच जण परत जातात. पुढे मानसशास्त्रीय चाचण्या: १२ चित्रांवर गोष्टी (त्यातलं शेवटचं कोरं), प्रत्येकी चार मिनिटं. ६० शब्द, प्रत्येकावर एक वाक्य लिहायला १५ सेकंद. ६० प्रसंग, त्यात काय कराल ते लिहायचं, ३० मिनिटांत. वेळ मुद्दाम इतका कमी ठेवलेला असतो की पाठ केलेलं आठवायला फुरसत मिळू नये. मग मैदानावरची गटकामं, वैयक्तिक मुलाखत, आणि शेवटच्या दिवशी सगळ्या परीक्षकांसमोर छोटी भेट.

इथे क्लासमधून शिकलेल्या ठरावीक गोष्टी घात करतात. मानसशास्त्रज्ञ, मैदानावरचा अधिकारी आणि मुलाखत घेणारा हे तिघं तुम्हाला वेगवेगळं पाहतात आणि शेवटी ताडून बघतात. कागदावर धाडसी नायक आणि फळी-दोरीच्या कामात मागे उभा, असं दिसलं की मेळ बसत नाही. मुलाखतीत अधिकारी एका दमात दहा-बारा प्रश्न विचारतो: दहावीचे गुण, बारावीचे गुण, कमी का झाले, आवडते शिक्षक, नावडते, मित्र, खेळ, घरात कुणाशी जास्त बोलता. सगळे लक्षात ठेवून क्रमाने उत्तरं द्यायची असतात. घरी कुणाला तरी असे प्रश्न एकत्र विचारायला सांगून सराव होतो. राज्य शासनाच्या नाशिक रोडच्या छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्रात एसएसबीची तयारी करून घेतात, त्याची चौकशी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात करावी.

गटचर्चा आणि पडद्यावरची मुलाखत

गटचर्चेत पहिलं बोलण्याला लोक उगाच महत्त्व देतात. दहा जणांत पंधरा मिनिटं म्हणजे वाट्याला दीड मिनिट. त्यात तीन वेळा, प्रत्येक वेळी अर्धा मिनिट आणि एक नवा मुद्दा, एवढं पुरेसं आहे. दुसऱ्याचं नाव घेऊन त्याचा मुद्दा पुढे नेणारा, किंवा गप्प बसलेल्याला "तुला काय वाटतं?" म्हणणारा लक्षात राहतो.

ऑनलाइन मुलाखतीत कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर ठेवा, लॅपटॉपखाली चार पुस्तकं पुरतात. खिडकी समोर असावी, पाठीमागे नको, नाहीतर चेहरा काळा दिसतो. वायफाय असलं तरी मोबाइलचा हॉटस्पॉट तयार ठेवा आणि वीज जाईल हे धरून चार्जिंग पूर्ण. काही कंपन्या रेकॉर्ड करायची मुलाखत पाठवतात: पडद्यावर प्रश्न, तयारीला अर्धा मिनिट, उत्तराला एक-दोन मिनिटं, समोर माणूस नाही. तिथे बहुतेक जण शेवटी घुटमळतात. पहिलं आणि शेवटचं वाक्य ठरवा, मधलं मोकळं ठेवा. पडद्यावर चिकटवलेला मजकूर वाचू नका. डोळे डावीकडून उजवीकडे फिरताना स्पष्ट दिसतात.

एचआर आणि पगाराचं बोलणं

शेवटच्या फेरीत वार्षिक सीटीसीचा (कंपनीला तुमच्यावर येणाऱ्या एकूण खर्चाचा) आकडा सांगतात आणि घरी आपण त्याला बाराने भागतो. समजा ४,२०,००० सांगितले. बाराने भागले तर ३५,०००. आता खोलून पाहा. मूळ वेतन निम्मं, २,१०,००० धरू. त्यावर कंपनीचा पीएफ १२ टक्के, २५,२००. ग्रॅच्युइटीची (नोकरी सोडताना मिळणाऱ्या रकमेची) तरतूद ४.८१ टक्के, साधारण १०,१००. कामगिरीवर अवलंबून असलेला भाग १० टक्के धरला तर ४२,०००. हे तिन्ही वजा करून उरले ३,४२,७००. यातून तुमचा पीएफ २५,२०० आणि महाराष्ट्रातला व्यवसाय कर २,५०० गेला की राहतात ३,१५,०००. महिन्याला सव्वासव्वीस हजार. पुण्यातली खोली, मेस आणि प्रवास याच आकड्यावर बसवायचं आहे, ३५ वर नाही. काही कंपन्या पीएफ महिन्याला १,८०० वर मर्यादित ठेवतात, काही विम्याचा हप्ताही सीटीसीत धरतात. म्हणून एकच प्रश्न विचारा: "यातला निश्चित भाग किती आणि महिन्याला हातात किती येईल?" तो विचारण्यात अजिबात कमीपणा नाही.

मुलींना अजूनही "लग्न कधी?" विचारतात. हा प्रश्न चुकीचा आहे आणि त्याचा ताण उमेदवाराने घेऊ नये. उत्तर कामावर आणा: "या पदाच्या वेळा आणि प्रवास मी पाहिला आहे, त्यात मला अडचण नाही." एवढं बोलून थांबा.

आणि मुलाखतीसाठी, ट्रेनिंगसाठी, लॅपटॉपच्या अनामत रकमेसाठी कुणी पैसे मागितले तर तिथेच संपवा. ईमेल कंपनीच्या स्वतःच्या पत्त्यावरून आलाय की साध्या जीमेलवरून ते पाहा आणि कंपनीच्या संकेतस्थळावरच्या क्रमांकावर फोन करून खात्री करा.

आठवडाभराचा सराव

मनात म्हणून पाहिलेलं उत्तर आणि तोंडून आलेलं उत्तर यांत फार अंतर असतं. फोनवर रेकॉर्ड करा, रोज दोन उत्तरं, आणि लगेच ऐका. पहिल्या दिवशी "म्हणजे", "बेसिकली", "ॲक्च्युअली" किती वेळा आलं ते मोजा. तिसऱ्या दिवशी उत्तर दोन मिनिटांच्या आत आणा. पाचव्या दिवशी त्या क्षेत्रातल्या कुणाकडून अर्धा तास प्रश्न विचारून घ्या, आणि त्यांना सांगा की मध्येच तोडून उपप्रश्न टाका, कारण घरचा सराव नेहमी फार गोड होतो. आदल्या दिवशी नवीन काही वाचू नका. फाइल क्रमाने लावा, मूळ कागद वेगळे, झेरॉक्सचे दोन संच वेगळे, आणि जमलं तर त्या ठिकाणी जायचा रस्ता पाहून या. एमआयडीसीत प्लॉट नंबर शोधण्यात अर्धा तास सहज जातो.

"तुम्हाला काही विचारायचंय?" असं म्हणाले तर दोन प्रश्न हवेत. "पहिल्या तीन महिन्यांत या जागेवरच्या माणसाकडून तुमची काय अपेक्षा आहे?" हा कुठेही चालतो. बाहेर पडल्यावर चहा घेता घेता, तासाभराच्या आत, विचारलेले सगळे प्रश्न वहीत लिहा. कुठे अडलो, उत्तर किती लांबलं, ते शेजारी लिहा. संध्याकाळपर्यंत निम्मे विसरतात. पुढच्या मुलाखतीच्या आधी ही पानं उघडली की तेच तीन-चार प्रश्न पुन्हा पुन्हा अडवतात असं दिसेल. रेकॉर्डिंगचा सराव मग त्याच प्रश्नांपासून सुरू करायचा.